एकाचीच भीड

कापूस बिटाच्या रसात बुडवला की लाल होत नाही, जांभळा होतो. हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, चर्चच्या हॉलमागच्या खोलीत, नाटकाला दोन तास उरलेले असताना कळलं. अकरा मुलं रांगेत बसलेली, प्रत्येकाच्या डाव्या कानाला कापसाचा बोळा आणि वर गॉज बांधायचं होतं. कान कापलेला दिसायला हवा होता. आमचे कान मात्र रंगपंचमीहून आल्यासारखे दिसत होते. शेवटी एकीने घरून जिलबीत घालायचा लाल रंग आणला आणि वेळ निभावली.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्याकडे संत गोन्सालो गार्सियाचा सण असतो. गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे आणि किल्ल्यातल्या जेझुइटांच्या, म्हणजे येशूसंघाच्या पाद्र्यांच्या, जुन्या चर्चच्या अवशेषांनाही लोक त्याच्याच नावाने ओळखतात. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिलं, मारला गेला १५९७ साली, आणि तोही इथे नाही, जपानात, नागासाकीला. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना एवढंच माहीत असतं. उरलेल्या निम्म्यांना त्या दिवशी जेवायला काय असतं तेवढं माहीत असतं. मीही बरीच वर्षं दुसऱ्या निम्म्यात होते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर फादरांनी धर्मशिक्षणाचा वर्ग माझ्या गळ्यात घातला आणि वर्गापाठोपाठ सणाचं नाटकही आलं. आधीच्या संहिता काढून वाचल्या. सगळ्यांत गोन्सालो छाती काढून उभा. "हे अधर्मी राजा, तुझ्या भाल्याला मी भीत नाही!" पुढे टाळ्या. मुलांनाही हेच आवडतं. गोन्सालोचं काम करणारा मुलगा, एकोणीस वर्षांचा, सकाळी दादरला फुलं पोहोचवून मग कॉलेजला जाणारा, हे वाक्य इतक्या जोरात म्हणायचा की माइक शिट्टी मारायचा.

मला ते वाक्य खोटं वाटत होतं. का, ते सांगायला नाटकात जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते आहे.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच, कोकणातली. वसईत जेझुइटांकडे शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. भाषा पटकन उचलली. आठेक वर्षं त्यांचा मदतनीस म्हणून धर्मशिक्षण देत फिरला. त्याला जेझुइट व्हायचं होतं, पण त्यांनी काही घेतलं नाही. मग हा गडी सरळ व्यापारात शिरला, आणि व्यापार चांगला चालला. म्हणजे नकार पचवून बरा संसार थाटता आला असता असा माणूस. तरी पुढे मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कनांमध्ये, म्हणजे पाद्र्यांच्या दुसऱ्या संघात, ब्रदर झाला. फादर नाही, ब्रदर, म्हणजे संघातला पण पाद्री नसलेला. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठवली, तिचा प्रमुख होता फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाउतिस्ता. त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून आमचा गोन्सालो.

दुभाष्याकडे कुणाचं लक्ष नसतं. बँकेत बाहेरची मोठी मंडळी आली की इंग्रजी-मराठीच्या मधे मला उभी करायचे, म्हणून सांगते. सगळे एकमेकांकडे बघतात, दुभाष्याकडे नाही. पण राजाचा आवाज चढला की तो सगळ्यांत आधी कळतो दुभाष्यालाच. बाउतिस्ताला जे वाक्य अजून कळलेलं नाही, त्याने याच्या पोटात गोळा आलेला असतो. आणि तेच वाक्य शांतपणे, एक शब्द न गाळता पुढे द्यायचं असतं. असा माणूस छाती काढून उभा राहत नसतो.

तीनेक वर्षं बरी गेली. क्योतोला त्यांनी चर्च बांधलं, गोरगरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. मग १५९६च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' नावाचं स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं आणि त्यातला माल जप्त झाला. गलबतावरच्या कुणीतरी बढाई मारली, की आमचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून सैन्य. हे खरंच बोललं गेलं का, यावर इतिहासकार अजून भांडतात. हिदेयोशीचा संशय मात्र अगदी हवेतला म्हणता येणार नाही. आम्ही वसईकरांनी तर नाहीच म्हणू नये. पोर्तुगीज तोफा कशा येतात ते आमच्या किल्ल्याच्या भिंती अजून सांगतात.

इथेच एक गोष्ट बोलून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना ती मधे मधे टोचत राहील. गोन्सालो तीन-चार वर्षांचा असताना, १५६० साली, गोव्यात कुठ्ठाळीच्या लोकांनी आपला मंगेश उचलला आणि जुवारी ओलांडून प्रियोळला नेला. देवळं पाडणाऱ्यांच्या हातात क्रूस होता, ओठांवर देवाचं नाव होतं. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं. माझ्या धर्माच्या लोकांनी हे केलं. नाव माझ्या देवाचं घेतलं म्हणून त्यात देवाची भीड होती असं मला म्हणता येत नाही. ज्यांनी सत्तेच्या नाकाखालून आपला देव होडीत घालून नेला, भीड त्यांच्यापाशी होती. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हेही सांगते. काही पालकांना ते रुचत नाही.

आता भीड. हा शब्द माझा नाही, आजीचा.

'परमेश्वराचे भय' हा बायबलमधला शब्द मला लहानपणी आवडत नसे. देवाला का भ्यायचं? तो काय सावकार आहे? आजीला लिहितावाचता येत नव्हतं. लाल लुगडं, कमरेला किल्ल्या, आणि संध्याकाळची घंटा झाली की हातातली कोयती असेल तिथे ठेवून उभी. ती 'भय' म्हणायचीच नाही. ती म्हणायची, देवाची भीड धरावी. भीड म्हणजे भीती नव्हे, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ज्याची भीती वाटते त्याच्यापासून आपण पळतो. ज्याची भीड असते त्याच्यापासून पळत नाही, फक्त त्याच्या डोळ्यांदेखत खोटं करवत नाही. भीड भिकेची बहीण, हे सगळ्यांना पाठ असतं. आजी त्याला आपली पुस्ती जोडायची: "सगळ्यांची धरशील तर भिकेला लागशील. एकाची धर."

एवढंच. माझ्याकडे यापेक्षा मोठं धर्मज्ञान नाही.

हे 'एकाची धर' प्रकरण काय असतं ते मी एकदा घरात पाहिलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, वसईत जमिनींना सोन्याचा भाव येऊ लागला होता. आमच्या वाडीच्या कडेच्या तुकड्यासाठी माणसं यायला लागली. आधी मिठाई घेऊन, मग कागद घेऊन, मग नुसतीच. तो तुकडा एकट्या पपांचा नव्हता. चुलत्यांच्या पोरांचाही होता, ती लहान होती, आणि कागदावर ती पोरं नाहीतच असं पपांनी लिहून द्यायचं होतं. पपा नाही म्हणाले. आठवडाभराने सकाळी उठून पाहिलं तर केळी कापून टाकलेल्या. घड तसेच चिखलात. चिकाने सगळी वाट चिकट झाली होती, चपला उचलल्या की चर्र आवाज यायचा.

त्या संध्याकाळी पपांनी रोजच्यासारखी जपमाळ घेतली. माळ हलत होती. म्हणजे हात थरथरत होते. मी विशीतली, मला त्यांची लाज वाटली. घाबरलेत, आता सही करणार, असं वाटलं. आई दबक्या आवाजात म्हणाली, "द्या ना सोडून. त्यांच्या नादाला कशाला?" पपा म्हणाले, "त्यांची भीती वाटतेच गं. पण त्या वळणावरच्या क्रूसावरून रोज जायचंय मला."

सही केली नाही. पुढे काय काय झालं ते सांगत बसत नाही. तुकडा राहिला, चुलतभावांची घरं आज तिथे आहेत. याला मी छळ म्हणणार नाही. नागासाकीच्या नावाशेजारी हे ठेवायचीही लाज वाटते. पण भीती गेली नव्हती आणि तरी माणूस जागचा हलला नव्हता, हे मी बघितलं. तेव्हापासून छाती काढलेला गोन्सालो मला पटत नाही.

तर क्योतो. तारीख ३ जानेवारी १५९७. चोवीस जण पकडलेले: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, बाकीचे साधे जपानी लोक, त्यात पोरंही. हिदेयोशीचा हुकूम होता नाक आणि दोन्ही कान कापायचे. इशिदा मित्सुनारी नावाच्या अधिकाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने डाव्या कानाच्या तुकड्यावर भागवलं. मग गाड्यांत बसवून गावभर धिंड. आणि तिथून नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभराची वाटचाल, ऐन थंडीत, गावागावांतून मिरवत.

धिंड कशासाठी काढतात? मरणाऱ्याला आणखी मारता येत नसतं. धिंड बघणाऱ्यांसाठी असते. लोकांनी बघावं, चार माणसं काय म्हणतील याची भीड पडावी, आणि सगळ्यांनी दारं लावून घ्यावीत. छळाचं सगळं गणितच त्यावर चालतं. या धिंडीत गणित चुकलं. निघाले चोवीस, पोहोचले सव्वीस. वाटेत कैद्यांची देखभाल करायला दोघं बरोबर चालत होते, त्यातला एक सुतार होता. पहाऱ्यावाल्यांनी त्यांनाही रांगेत घेतलं. जायची वाट मोकळी असताना ते गेले नव्हते.

५ फेब्रुवारीला निशिझाकाच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे होते. जपानी रीत खिळ्यांची नव्हती. हात, पाय आणि मान जखडायचे, आणि दोन्ही बाजूंनी दोन भाले. लुइस बारा वर्षांचा होता. आंतोनियो तेरा वर्षांचा, त्याचे आईबाप समोरच्या गर्दीत. जपानी जेझुइट पॉल मिकीने क्रूसावरून प्रवचन केलं आणि मारणाऱ्यांना क्षमा केली. मुलांनी स्तोत्र म्हटलं. तोमास कोझाकी चौदा वर्षांचा, त्याचा बाप मिगेल त्याच रांगेत. तोमासने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं, ते नंतर बापाच्या रक्ताने भिजलेल्या कपड्यांत सापडलं. पत्रात राजाला आव्हान नाही. आमची काळजी करू नकोस आणि माझ्या धाकट्या भावांना सांभाळ, असं लिहिलंय. धाकट्या भावांना सांभाळ. कुठलाही मोठा मुलगा लिहील तसं.

लेक योकोहामाला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले तेव्हा हट्टाने नागासाकीला नेलं मी तिला. स्टेशनपासून टेकडी अगदी जवळ. पाऊस भुरभुरत होता. एका लांब भिंतीवर ब्राँझचे सव्वीस जण एका ओळीत. १९६२ साली, संतपदाच्या शंभरीला, फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराने ते केले. क्रूस दाखवलेले नाहीत, भाले नाहीत. बघत राहावं ते पाय. कुणाचेच जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली, फुलं सुकवायला दोरीवर टांगतात तशी पावलं लोंबतायत. त्या बोटांवरून पाणी टपकत होतं. मी आमच्या माणसाचं नाव शोधलं, सापडल्यावर लेकीला मोठ्याने म्हटलं, "हा बघ, आपल्या वसईचा!" शेजारचं जपानी जोडपं दचकलं. लेक म्हणाली, "मम्मी, हळू." तिला चार माणसांची भीड फार.

तिथून नागासाकीतल्याच ओउरा चर्चला गेलो, आणि तिथे जे वाचलं त्याने माझं नाटक पुन्हा लिहायला लावलं.

१६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर सरसकट बंदी आली. पाद्री मारले गेले नाहीतर हाकलले गेले. मग अधिकाऱ्यांनी एक युक्ती काढली, फुमिए. येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्यावर पाय देऊन जायचं. नागासाकीत हे नव्या वर्षाच्या सुरुवातीला दरसाल चाले, दोनेक शतकं. अधिकारी बघत काय? पाय. कुठला पाय अडखळतो ते. भीड काय असते हे त्या अधिकाऱ्यांना आम्हा धर्मशिक्षकांपेक्षा बरं कळत होतं. ज्या पावलाला क्षणभर भीड पडली, ते पाऊल पकडायचं.

जे अडखळले त्यांतले किती तरी मेले. पण पुष्कळांनी पाय दिला. मला हे आधी माहीत नव्हतं. पाय दिला, घरी आले, दार लावलं आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. ती प्रार्थना त्यांनी पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेवली. फादर नाही, चर्च नाही, पुस्तक जवळ ठेवायची सोय नाही. कुणीतरी एक गावकरी बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना तोंडातोंडी झिजत गेल्या. मरिया म्हणून त्यांनी कान्नोनची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेची, मूर्ती पुजली. अडीचशे वर्षं.

आमच्या सणाच्या नाटकांत या लोकांना जागा नसते, कारण ते पडले. पण त्या प्रतिमेला ते खरोखर नुसती लाकूड-पितळ समजत असते तर घरी येऊन रडायचं कारण काय होतं? पाय ठेवून झाल्यावरही भीड तशीच राहिली होती. आजी म्हणाली असती, तिच्यामुळेच तर ते परत उठले.

पुढे परदेशी लोकांसाठी म्हणून फ्रेंच फादरांना नागासाकीत हे ओउरा चर्च बांधू दिलं. ते वाहिलं होतं त्याच सव्वीस जणांना, म्हणजे त्यात आमचा गोन्सालो आला. १८६५ च्या १७ मार्चला उराकामी गावातली पंधराएक माणसं बघ्यांसारखी आत शिरली. एक बाई फादर पेतिजाँच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, आमचं सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, सांता मारिया कुठे आहे? आणि बोलता बोलता त्यांनी सांगितलं, सध्या दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस.

हे वाचून मी तिथेच बाकावर बसले. मोबाईलवर १८६५ चं कॅलेंडर काढलं. त्या साली राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, त्यांच्या 'दुःखाच्या काळा'चा पहिला दिवस, १ मार्चला होता. १ पासून मोजलं तर १७ मार्च सतरावाच येतो. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. मला उपवासकाळात कितवा दिवस चाललाय हे चर्चच्या बोर्डावर बघावं लागतं.

उघडे झाले म्हणून पुढे त्यांनी सोसलंच. उराकामीच्या सुमारे ३,४०० जणांना घरंदारं सोडून देशभर हद्दपार केलं, त्यातले सहाशेहून जास्त परत आलेच नाहीत. बंदीचे फलक उतरले १८७३ मध्ये.

घरी आल्यावर मी संहितेतून "हे अधर्मी राजा" काढून टाकलं. फुलवाला पोरगा रुसला. "टीचर, मग मी काय करू? नुसता उभा राहू?" म्हटलं, हो. हिदेयोशी बोलेल ते बाउतिस्ताला सांगायचं. हुकूमसुद्धा तूच सांगायचास. बाउतिस्ता पोर्तुगीज-स्पॅनिशवाला, त्याला जपानी कुठे कळतंय. तुम्हाला मारणार आहेत, हे तू त्याला तुझ्या तोंडाने, मराठीत, हळू आवाजात सांग. आणि त्या 'तुम्हाला'त तूही आहेस. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "त्यापेक्षा ओरडणं सोपं होतं."

नाटक बरं झालं. हिदेयोशीची मिशी एका बाजूने सुटली. तोमासचं पत्र वाचणारा मुलगा भावांची नावं विसरला आणि त्याने स्वतःच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं, त्यावर पुढच्या रांगेत हशा पिकला आणि लगेच गप्पही झाला. गोन्सालोने हुकूम सांगितला. माइक जवळ धरल्यामुळे कागदाची फडफड सगळ्या हॉलला ऐकू गेली. कागद खरं तर कोरा होता, त्याला सगळं पाठ होतं.

सगळे पांगल्यावर तो स्कूटरची किल्ली शोधत आला. कानाचं गॉज तसंच, कापूस केसांत चिकटलेला. खायचा रंग मानेवर ओघळून वाळला होता.

"टीचर, हात थरथरत होते. दिसलं का?"

"दिसलं."

"मग?"

"मग काय. पुढच्या वर्षीही तूच. आणि तो रंग खोबरेल लावून काढ, साबणाने जायचा नाही."